सहल लेकराची, वेळापत्रकही लेकराचेच

गेल्या वर्षीची गोष्ट. मे महिन्यातली सोमवारची सकाळ, अपघात विभागात नुकतीच ड्युटी बदललेली. एक आजी चार वर्षांच्या नातवाला खांद्यावर टाकून जवळजवळ धावतच आत आल्या. मागोमाग मुलाचे आईवडील. वडिलांच्या मनगटावर मनोरंजन पार्कच्या तिकिटाचा कागदी पट्टा अजून तसाच होता.

"साहेब, पोऱ्या रातपाईन मुतना नही," आजी म्हणाल्या.

मूल झोपल्यासारखे दिसत होते. हाक मारली की डोळे अर्धवट उघडत आणि लगेच मिटत. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश मागे जात होती. सिस्टरांनी शीर शोधून सलाईन सुरू केले, बालरोग विभागातल्या सहकाऱ्यांना बोलावले आणि मग आम्ही हकीकत विचारली.

कुटुंब केळीची बाग करणारे. दोन वर्षे पैसे साठवून ठरवलेली घरातली पहिलीच मोठी सहल. शनिवारी रात्री क्रूझर गाडी करून निघाले, रविवारी पहाटे पोहोचले, पार्कचे दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत आत होते आणि रात्री लगेच परतीला लागले. संध्याकाळी मुलाला दोनदा उलटी झाली. गाडीत बसताच तो झोपला. "दमलाय, झोपू द्या," असे सगळेच म्हणाले. रात्रभरात कोणी त्याला उठवले नाही.

तिसऱ्या दिवशी तो वॉर्डात बिस्किटासाठी भांडू लागला आणि चौथ्या दिवशी घरी गेला. जाताना वडील खाली मान घालून एवढेच म्हणाले, "साहेब, तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून शेवटपर्यंत थांबलो." हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. परीक्षा संपत आल्या आहेत, घरोघरी मे महिन्याचे बेत ठरत आहेत. ज्यांच्या घरात तीन, चार, पाच वर्षांचे मूल आहे आणि ते पहिल्यांदाच थीम पार्क बघणार आहे, त्यांच्याशी आज बोलायचे आहे.

डॉक्टरही चुकतो

या सहलींची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या लहानपणी खान्देशातल्या मुलांची मौज म्हणजे यात्रा. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, अमळनेरला सखाराम महाराजांची, धुळ्याला एकवीरा देवीची. लाकडी पाळणा, गोडीशेव, पिपाणी, झाला सण. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा आम्ही ते फक्त टीव्हीवरच्या जाहिरातीत पाहिले. २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका आले आणि मोबाईलमुळे ते थेट खेड्यातल्या ओट्यापर्यंत पोहोचले. चुलत भावाने फोटो टाकला की आपल्या पोराचा हट्ट सुरू होतो. तो पुरवावासा वाटण्यात काहीच गैर नाही.

मीही तो पुरवला होता. माझी मुलगी चार वर्षांची असताना मुंबईच्या एका पार्कात आम्ही तिला नेले. सकाळी लॉजवर तिचे अंग किंचित गरम लागले. रजा मंजूर झालेली, पैसे भरलेले. मी पॅरासिटामॉलचे औषध पाजले आणि निघालो. ओपीडीत दुसऱ्या कोणी असे केले असते तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. दुपारी ती कडेवरून उतरेना. ज्या राईडसाठी महिनाभर नाचत होती, तिच्या दारातल्या उंचीच्या पट्टीला तिचे डोके पोहोचलेच नाही, म्हणून रडून रडून थकली. रात्री १०३ ताप. ती रात्र मी आणि पत्नीने लॉजच्या खोलीत ओल्या फडक्याने तिचे अंग पुसत काढली. पार्कचा काही दोष नव्हता. दोष माझ्या बेतात होता. मी तो बेत तिकिटाकडे बघून आखला होता, मुलीकडे बघून नाही.

आपले ऊन आणि तिकडचे ऊन

खान्देशी माणसाला उन्हाचा एक अभिमान असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि आपण बाजारही करतो, लग्नाच्या वरातीतही नाचतो. त्यामुळे कोकणपट्टीतले ३५-३६ अंश ऐकले की वाटते, "हे तर काहीच नाही." धोका नेमका इथे आहे.

आपल्या घरातला कूलर आठवा. जळगावात तो खोली गार करतो. तोच कूलर मुंबईला नातेवाइकांकडे नेऊन लावला, तर नुसती दमट हवा फेकतो. कारण कूलरचे काम पाणी वाळण्यावर चालते, आणि हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर पाणी वाळत नाही. माणसाचे शरीर हाही एक कूलरच आहे. घाम येतो म्हणून अंग गार होत नाही, घाम वाळतो म्हणून होते. दमट हवेत घाम नुसता निथळत राहतो, शरीरातले पाणी आणि मीठ जाते, पण आतली उष्णता कमी होत नाही.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम उघड्या मैदानात झाला. त्या दिवशी त्या भागात तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदले गेले होते. आपल्या दृष्टीने तो मे महिन्यातला बरा दिवस म्हणायचा. तरीही उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, आणि ती मोठी माणसे होती. खारघर आणि खोपोली एकाच रायगड जिल्ह्यात आहेत, हे बेत आखताना लक्षात ठेवा.

लहान मुलाची अडचण तर दुहेरी. वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा, त्यामुळे बाहेरची उष्णता तो लवकर ओढून घेतो. घाम मात्र मोठ्यांपेक्षा कमी येतो. शिवाय खेळात रमलेले मूल पाणी मागत नाही. ते मागेल तेव्हा देऊ, असे म्हणत बसलात तर उशीर झालेला असतो.

मजेची बाब अशी की, थीम पार्क आणि ऊन-पाण्याचे हे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हाही पारा ३८ च्या आसपास होता. नळजोडणी करणाऱ्या कामगारांच्या संपामुळे सगळी कामे पुरी झाली नव्हती, आणि पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ कोरडे होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या मोठ्या बेतात जे राहून गेले, ते पाणी होते.

कधी जावे आणि कोणी जावे

माझे मत स्पष्ट आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला मे महिन्यात थीम पार्कला नेऊ नये. दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा आपल्यासाठी उत्तम काळ. बालवाडीतल्या मुलाचे दोन दिवस बुडाले तर काहीही बिघडत नाही. थोरल्या भावंडाची शाळा आडवी येत असेल, तर दिवाळीच्या सुट्टीतले मधले वार निवडा. शनिवार-रविवार सोडून गेलात की रांगा छोट्या असतात. लहान मुलाला राईडपेक्षा रांगेचाच त्रास जास्त होतो, कारण तिथे त्याला हलता येत नाही.

दुसरी गोष्ट, घरून निघण्याआधी मुलाची उंची मोजा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करा. चार वर्षांच्या मुलाची सरासरी उंची साधारण १०३ सेंटीमीटर असते. वेगवान राईड्सना बहुधा १२० किंवा त्याहून अधिक उंची लागते, आणि ती मुले सहसा सातव्या वर्षाच्या सुमारास गाठतात. म्हणजे जाहिरातीत दिसणाऱ्या निम्म्याअधिक राईड्स तुमच्या पोरासाठी नाहीतच. पार्कच्या संकेतस्थळावर कोणत्या राईडला किती उंची लागते ते बघा आणि मुलाला आधीच सांगा, "या तीन तुझ्या, त्या मोठ्या दादाच्या." दारात झालेला अपेक्षाभंग फार रडवतो. टाचा उंच करून, जाड तळाचे बूट घालून मुलाला आत घुसवणारे पालकही मी पाहिले आहेत. ती पट्टी नियमासाठी नियम म्हणून लावलेली नसते. बसल्यावर अडवणारा दांडा मुलाच्या मांडीवर नीट बसतो की नाही, हे त्या उंचीवरून ठरते. दांडा ढिला राहिला तर मूल खालून निसटू शकते.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्याच्या पायथ्याशी सिकलसेलचे रुग्ण आहेत. शरीरातले पाणी कमी झाले किंवा एकदम गार पाण्यात बराच वेळ काढला, तर सिकलसेलच्या मुलाला हाडे-सांधे फोडून काढणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, तेव्हापासून सरकारी दवाखान्यांत तपासणी होत आहे. घरात किंवा भावकीत कोणाला हा आजार असेल, तर मुलाची तपासणी आधी, वॉटर पार्क नंतर. जन्मजात हृदयविकार, फिट किंवा दम्याचा त्रास असलेल्या मुलाबाबतही आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि निघायच्या दिवशी ताप किंवा जुलाब असतील, तर जाणे रद्द. औषध पाजून नेण्याचा प्रयोग मी करून पाहिला आहे.

सर्वांत धोक्याची राईड

जळगावहून खोपोली सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. धुळ्याहून थोडे कमी. रात्री गाडी हाणायची, दिवसभर पायावर उभे राहायचे आणि त्याच रात्री पुन्हा गाडी हाणत घर गाठायचे, असा बेत मी दरवर्षी ऐकतो. लॉजचे दोन हजार वाचतात, हे खरे. पण २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. पहाटे तीन-चारच्या सुमारास सलग जागलेल्या माणसाचा मेंदू उघड्या डोळ्यांनीही काही सेकंद झोपतो. शंभरच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी फुटबॉलच्या मैदानाएवढे अंतर कापते. पार्कातली प्रत्येक राईड रोज तपासली जाते. परतीच्या रात्री तुमच्या चालकाला कोण तपासते?

माझा सल्ला रेल्वेचा आहे. रात्री जळगाव, भुसावळ किंवा चाळीसगावहून गाडी पकडायची, पहाटे कल्याण. तिथून कर्जतमार्गे खोपोलीला लोकल जाते. मूल बर्थवर आडवे होऊन झोपते, आई-आजी पाय पसरतात आणि कोणाला चाक धरावे लागत नाही. पोहोचल्या दिवशी पार्कात जाऊ नका. आंघोळ, जेवण, झोप. दुसऱ्या दिवशी ताज्या अंगाने जा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. सहलीत ती सुट्टीवर जात नाही.

स्वतःच्या गाडीनेच जाणार असाल तर तीन गोष्टी पाळा. मूल पुढच्या सीटवर कोणाच्या मांडीत बसवू नका. घाटात उलटी होते म्हणून त्याला उपाशी ठेवू नका, हलके खाऊ घाला आणि मोबाईल न देता खिडकीबाहेर दूरवर बघायला लावा. आणि "पाच मिनिटांत येतो" म्हणून झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवू नका. उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान साधारण दहा अंशांनी चढते.

पार्कातला दिवस

दार उघडताच आत जा. पहिले दोन-अडीच तास सर्वांत मोलाचे, ऊन कमी आणि रांग छोटी. बारा ते साडेतीन या वेळेत मोकळ्या जागेत राहू नका. वातानुकूलित खेळ असतील तर ते तेव्हा बघा, नाहीतर सावलीत बसा. मुलाची दुपारची झोप झालीच पाहिजे. बाहेर जाऊन पुन्हा आत येता येते का, हे तिकीट घेतानाच विचारा. येत असेल तर खोलीवर नेऊन झोपवा. येत नसेल तर चादर अंथरा, कडेवर झोपवा, पण झोपवा. आणि चारनंतर मूल "घरी चला" म्हणाले, तर निघा. मुलाचा दिवस संपला की सहलीचा दिवस संपला.

पाणी दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट, तहान लागो न लागो. मोबाईलवर गजर लावा. लघवी हा तुमचा मीटर. सहा तास झाली नाही किंवा गडद पिवळी होत असेल, तर शरीर कोरडे पडत आहे. उलटी-जुलाब झाले किंवा घाम फार गेला, तर ओआरएस. इथे एक सावधगिरी. दुकानात रंगीत खोक्यात मिळणारी गोड पेये ओआरएसच्या नावाखाली वर्षानुवर्षे विकली गेली. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या लेबलवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. खरे ओआरएस पावडरच्या पुडीत येते आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचे लिहिलेले असते. मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलिलिटरमध्ये. आख्खी पुडी, मोजलेले पाणी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते, आशाताईंकडेही असते. चार पुड्या पिशवीत टाकायला काय लागते?

खाण्याचे आपल्याकडे उत्तम उपाय आहेत. दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी दोन दिवस टिकते. केळे तर आपल्या जिल्ह्याचे, सालीमुळे स्वच्छ, पोटाला हलके. आत खाद्यपदार्थ नेऊ देत नसतील, तर लहान मुलाच्या खाण्याबद्दल आधी फोन करून विचारा. बर्फाचे गोळे, उघड्यावरची सरबते, मलईचे पदार्थ टाळा. कोल्ड्रिंकने तहान भागत नाही.

सुती, सैल, फिक्या रंगाचे कपडे घाला. डोक्यावर टोपी किंवा आपला रुमाल. सकाळी निघताना मोबाईलवर मुलाचा एक फोटो काढा, म्हणजे हरवले तर कोणत्या कपड्यांत होते ते दाखवता येते. त्याच्या दंडावर पेनाने आपला मोबाईल नंबर लिहा.

पाण्यात हाताच्या अंतरावर

वॉटर पार्कात गेलात, तर मूल पाण्यात असल्याने त्याला ऊन लागत नाही, हा समज सोडा. ओल्या अंगाला तहान कळत नाही आणि पाण्यावरून परतणारे ऊन अंग भाजते. तापलेल्या फरशीवर अनवाणी धावून तळव्यांना फोड आलेली मुले दरवर्षी ओपीडीत येतात. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले, तर लगेच बाहेर काढून कोरडे करा.

बुडण्याबद्दल सिनेमाने आपला फार गैरसमज करून दिला आहे. लहान मूल हात हलवत "वाचवा" असे ओरडत नाही. ते आवाज न करता, मिनिटभरात, गुडघाभर पाण्यातही बुडू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरात १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे चौथे मोठे कारण बुडणे हे आहे. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलापासून तुमचा हात पोहोचेल एवढ्याच अंतरावर राहा. सोबत दहा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघतो आहे. त्यापेक्षा पाळी लावा. ज्याची पाळी, त्याच्या हातात मोबाईल नको.

घसरगुंडीची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आई किंवा बाबा लहानग्याला मांडीत घेऊन घसरतात, मुलाचा पाय कडेला अडकतो, आणि मोठ्यांच्या वजनाचा जोर पुढे ढकलत राहतो. गुडघ्याखालचे हाड मोडते. एकटे मूल घसरले असते, तर पाय अडकताच थांबले असते. प्रेमाने मांडीत घेतले म्हणून हाड मोडलेली मुले अस्थिरोग विभागात येतात. मुलाला झेपेल अशा छोट्या घसरगुंडीवर त्याला एकटे घसरू द्या, तुम्ही खाली उभे राहा.

आणि भीतीबद्दल. अंधारातला भुताचा खेळ, मोठा आवाज, मुखवटा घातलेला माणूस, यांना तीन-चार वर्षांचे मूल खरे समजते. "काय घाबरतोस, मर्द ना तू" म्हणून रडत्या मुलाला आत ओढू नका. त्याला हिंमत येत नाही, तुमच्यावरचा त्याचा विश्वास मात्र कमी होतो. नको म्हणाले तर नको.

दमला की गळाला?

आता त्या क्रूझर गाडीकडे परत येऊ. "दमलाय, झोपू द्या," असे म्हणणारी सगळी माणसे मुलावर जीव ओवाळणारी होती. त्यांना फक्त एक फरक माहीत नव्हता. दमून झोपलेल्या मुलाला उठवले तर ते कुरकुरते, आईला ओळखते, दोन घोट पाणी पिते आणि पुन्हा झोपते. गळून पडलेले मूल नीट उठत नाही, पाणी तोंडाबाहेर सांडते किंवा उलटते, आणि लघवी झालेली नसते. म्हणून दिवसभर उन्हात खेळलेल्या मुलाला परतीच्या वाटेवर दर दोन तासांनी उठवून पाणी पाजा. उठले नाही, तर घराची वाट न बघता जवळचा दवाखाना गाठा.

अंग चटका बसेल असे तापले आहे आणि मूल बरळते, झटके देते किंवा सुस्त पडले आहे, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी शिंपडत वारा घाला. बेशुद्ध मुलाला पाणी पाजू नका. उष्माघातात पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

वसुली कशाची?

सगळी जबाबदारी पालकांवर टाकून मी मोकळा होणार नाही. हजारो रुपये घेणाऱ्या प्रत्येक पार्कात रांगांवर सावली, ठिकठिकाणी फुकट पिण्याचे पाणी आणि ओआरएस ठेवलेला प्रथमोपचार कक्ष असलाच पाहिजे. लहान मूल बरोबर असलेल्यांना दुपारी बाहेर जाऊन परत येऊ दिले पाहिजे. पालकांनी तिकीट काढण्याआधी फोनवर हे प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर उत्तरेही बदलतील. आणि आपल्या नगरपालिका, महापालिकांनाही विचारू या, की चार वर्षांच्या मुलाला संध्याकाळी नेता येईल अशी सावलीची, न मोडलेल्या झोपाळ्यांची बाग किती वॉर्डांत आहे? ती जवळ असती, तर खेळण्यासाठी सव्वाचारशे किलोमीटर जायची एवढी घाई झाली नसती.

तोवर एक सोपी रंगीत तालीम सुचवतो. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. मुलाला एक संध्याकाळ तिथे न्या. गर्दी, आवाज, पाळणा याला तो कसा वागतो ते दोन तासांत कळेल. पाळण्याखालीच रडू लागला, तर थीम पार्क दोन वर्षांनी. हसत दुसरी चक्कर मागितली, तर जानेवारीचे तिकीट काढा.

माझी मुलगी आता पंचविशीच्या आसपास आहे. त्या सहलीतले तिला काय आठवते, असे मी मध्यंतरी विचारले. पार्क आठवत नाही, राईड नाही, तापही नाही. आठवतात ते कसाऱ्याच्या घाटातले बोगदे. प्रत्येक बोगद्यात अंधार झाला की ती माझा अंगठा घट्ट धरायची आणि उजेड आला की मोठ्याने आकडा म्हणायची. त्या डब्यात आम्ही कसलीच वसुली करत नव्हतो.